पडायला जागा



या वेळी एखाद्या निवडणुकीवर किंवा न्यायालयाच्या निकालावर लिहावे असे मनात होते, पण गेला महिनाभर एक अगदी स्थानिक विषय डोक्यात घोळतो आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात ग्रंथालयामागे एक पडीक टेनिस कोर्ट आहे. तिथे मुलांसाठी काँक्रीटचा स्केटपार्क बांधावा असा प्रस्ताव टाउनशिप कौन्सिलपुढे आला. पहिल्या जाहीर सुनावणीत विरोधात बोलणाऱ्यांत आपली भारतीय मंडळी बरीच होती. त्यातली तीन-चार तर महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारी. मुद्दे तीन: घरांच्या किमती उतरतील, मुलांचे हातपाय मोडतील आणि 'तसली मुले' गोळा होतील.

घरांच्या किमतींबाबत कोणी एकही आकडा दिला नाही, तेव्हा तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवू.

हातपायांची काळजी मात्र खरी आहे. स्केटबोर्डवरून पोरे पडतात, आणि पडताना हात टेकतात म्हणून मनगटे मोडतात. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००२ साली स्पष्ट सांगितले होते की पाच वर्षांखालच्या मुलांना स्केटबोर्ड देऊच नये आणि दहा वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या देखरेखीशिवाय खेळू देऊ नये. हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपर-गुडघ्यांची पॅडे हवीतच. त्यात तडजोड नाही. पण पार्क नसला म्हणून मुले स्केटिंग करायची थांबत नाहीत. ती सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आणि रस्त्याच्या उतारावर करतात, जिथे मोटारी असतात. मोटारीची धडक हा या खेळातला सर्वांत भयंकर धोका, आणि पार्क नेमका तोच टाळतो. सुनावणीत हे कोणीच बोलले नाही.

माझी तेरा वर्षांची मुलगी गेले वर्षभर शेजारच्या गावातल्या पार्कमध्ये जाते, म्हणून मलाही कठड्यावर बसून पाहायची सवय लागली आहे. उतारावरून खाली झेपावण्याची पहिली पायरी अशी: फळीचे शेपूट कडेवर टेकवायचे, पुढचा पाय फळीवर ठेवायचा आणि शरीराचे सगळे वजन पुढे खाली झोकून द्यायचे. घाबरून जरा जरी मागे झुकले, तरी फळी पुढे पळते आणि स्वार पाठीवर आपटतो. हे तिला शिकवले एका पिझ्झाच्या दुकानात काम करणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने. फी नाही, प्रशिक्षक नाही, शिट्टी नाही. कडेवर उभे राहून आपली पाळी यायची वाट बघायची, एवढाच नियम, आणि तोही कुठे लिहिलेला नाही. कोणाला बरेच दिवस न जमलेली गोष्ट जमली, की बाकीचे आपापल्या फळ्या जमिनीवर आपटून दाद देतात. ज्याला सगळ्यांत कमी येते त्याच्यासाठी त्या फळ्या जास्त जोरात वाजतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आपल्या मुलांचा आठवडा डोळ्यांपुढे आणा. कुमॉन, स्पेलिंग बी, पोहणे, तबला किंवा भरतनाट्यम, रविवारी मराठी शाळा. यातली एकेक गोष्ट चांगलीच आहे. पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मोठे माणूस वही घेऊन बसलेले असते. क्रमांक, पातळी, प्रमाणपत्र. मी पेशीजीवशास्त्रात संशोधन करते. आमच्या प्रयोगशाळेत फसलेले प्रयोग यशस्वी प्रयोगांपेक्षा कितीतरी जास्त असतात. पीएच.डी.ला येणारी अत्यंत हुशार मुले पहिल्या सहा महिन्यांत कोलमडतात, कारण चारचौघांत एकच गोष्ट पन्नास वेळा चुकण्याचा सराव त्यांना कधी मिळालेलाच नसतो. (ही मुले बहुधा आपलीच असतात, हेही सांगून टाकते.) स्केटबोर्डिंग हे नैराश्यावरचे औषध आहे असा दावा मी करणार नाही. अंगमेहनत, मोकळी हवा आणि वयाने लहानमोठे सवंगडी मुलांच्या मनाला मानवतात, एवढे म्हणायला पुरे.

आता 'तसली मुले'. हे शब्द कानाला ओळखीचे वाटले, नाही का? मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे गाव आहे. आदिवासींची वस्ती वेगळी, यादवांची वेगळी. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली तिथे स्केटपार्क उभारला आणि दोनच नियम ठेवले: शाळेत गेल्याशिवाय स्केटबोर्ड नाही, आणि मुलींना आधी. फळ्या मोजक्याच, त्यामुळे दोन्ही वस्त्यांच्या मुलांना त्या वाटून घ्याव्या लागल्या. तिथली आशा गोंड ही आदिवासी मुलगी २०१८ साली चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. जात त्या गावातून गेली असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. पण ज्याला हात लावायचा नाही त्याच्या हातून फळी घ्यावी लागणे, ही लहान गोष्ट नव्हे.

काबूलचे उदाहरण याहून विलक्षण. ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन तरुण २००७ साली तिथे पोचला, आणि त्यातून 'स्केटिस्तान' ही संस्था उभी राहिली. मुलींनी सायकल चालवणे तिथे निषिद्ध मानले जाई. स्केटबोर्ड मात्र कोणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्याला मनाई करायचे कोणाला सुचले नव्हते! त्या फटीतून शेकडो मुली आत शिरल्या आणि फळीच्या जोडीने शाळाही शिकल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान परतले आणि तिथले काम थांबवावे लागले.

आपण मंडळी 'चांगली' शाळा बघून घर घेतो. त्याचा परिणाम असा, की आपल्या मुलांना पिझ्झाच्या दुकानात काम करणारा मुलगा फक्त काउंटरपलीकडे भेटतो. व्यासपीठांवरून समतेबद्दल बोलणाऱ्या आपण सर्वांनी हे एकदा स्वतःच्या घराच्या नकाशावर तपासून पाहावे. सार्वजनिक ग्रंथालय आणि स्केटपार्क, आमच्या भागात पैसे न मोजता एकत्र येण्याच्या एवढ्याच जागा उरल्या आहेत.

तक्रारी करायच्या तर उपयोगाच्या करू. पत्र्याच्या आणि लाकडी रॅम्पपेक्षा काँक्रीटवर आवाज कमी होतो, तेव्हा काँक्रीटचाच आग्रह धरू. संध्याकाळी बंद करण्याची वेळ ठरवून घेऊ. सावलीची झाडे, पिण्याचे पाणी, उसनी हेल्मेटे ठेवायला एक कपाट मागू. आठवड्यातला एक तास फक्त मुलींसाठी असावा. पार्कात मुलगेच जास्त असतात आणि नवख्या मुली कठड्यावरूनच परत जातात.

पुढची सुनावणी येत्या महिन्यात आहे. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात आणि नाव टाउनशिप क्लार्ककडे आदल्या दिवशीपर्यंत द्यावे लागते. माझे नाव दिले आहे, मुलीनेही स्वतःचे दिले आहे. आपापल्या गावच्या कौन्सिलची विषयपत्रिका या आठवड्यात उघडून पाहा, आणि असा प्रस्ताव आढळला तर मला कळवा.