रोहित पक्षी दिसतो, मोटारीची केबल का दिसत नाही?



थंडी सरत आली की मोबाईलवर उजनीचे फोटो सुरू होतात. गुलाबी रोहित, मागं तांबडं आभाळ, खाली आरशासारखं पाणी. वर दोन ओळी, निसर्गाची उधळण वगैरे. फोटो देखणे असतात, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या काठावर उभं राहून हे फोटो निघतात त्या काठावर आम्ही राबतो, म्हणून सरळ विचारतो. या फोटोत आम्ही कुठं आहोत?

जेऊरहून चिखलठाण, कुगावकडं जाऊन बघा. मार्च-एप्रिलात पाणी मागं सरकलं की रोहित जिथं चोच चिखलात खुपसून उभा असतो, त्याच्या शेजारी आमच्या मोटारी असतात. किनाऱ्यापासून पाण्यापर्यंत पाईप आणि केबल पसरलेली असते. पाणी अजून मागं गेलं की पोकलेन लावून चारी खोदायची, मोटार पुढं सरकवायची, परत केबल जोडायची. बाजूला जाळी वाळत घातलेली, चिलापीचे क्रेट, जलपर्णीचा कुजका ढीग. हे सगळं एका नजरेत दिसतं. पण फोटोत येतो तो फक्त पक्षी. फोटोवाला दोन पावलं उजवीकडं सरकतो, केबल फ्रेमच्या बाहेर. तरी राहिलीच तर आता मोबाईलमध्ये बोट फिरवून पुसता येते. केबल पुसली, पाईप पुसला, म्हातारा पुसला. राहिला निसर्ग.

याला मी निसर्गाचा फोटो म्हणत नाही. हा लग्नाच्या स्टुडिओतला मागचा पडदा झाला.

आणि मजा अशी की त्या पक्ष्याची गोष्टसुद्धा केबलीशिवाय पुरी होत नाही. रोहित खोल पाण्यात चरत नाही. त्याला पायांवर उभं राहता येईल एवढं उथळ पाणी आणि खाली चिखल लागतो. चोच उलटी धरून तो चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. उजनी वरपर्यंत भरलेली असली आणि पाणी खाली यायला उशीर झाला, की दलदल उघडी पडत नाही आणि पाहुणे उशिरा येतात. म्हणजे रोहित येतो कधी? तर पाणी उतरायला लागलं की. आणि आमची मोटार पुढं सरकते कधी? तेव्हाच. दोघं एकाच पाण्याच्या मागं चाललेले असतात. एका फोटोत दोघं आले तर बघणाऱ्याला धरणाची गोष्ट कळेल. एकटा पक्षी आला तर त्याला वाटतं इथं सगळं आबादीआबाद आहे.

शहरातल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. उपयुक्त साठा साधारण ५३ टीएमसी आणि त्याच्या खाली मृतसाठा साधारण ६३ टीएमसी. उपयुक्त साठा संपला की आमच्याकडं 'धरण मायनसमध्ये गेलं' म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते जवळपास मायनस ६० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. त्या वेळी पाण्याखालचं सगळं वर आलं, पळसदेवचं जुनं देऊळ, कुगावचा इनामदारांचा वाडा. कॅमेरेवाल्यांची जत्रा भरली. ड्रोन उडाले. देवळाच्या दगडाचा एकूण एक कोपरा टिपला गेला. पण ज्यांची घरं, विहिरी, मळे त्या देवळाच्या आजूबाजूला होते आणि पाण्याखाली गेले, ती माणसं अजून आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या आजोबाला तिथं नेऊन, 'आमचं खळं इथं होतं' म्हणून बोट दाखवताना कुणी टिपलं का? एखाद्यानं टिपलं असेल. माझ्या मोबाईलवर तरी देवळाचे शेकडो फोटो आले, असा एकही नाही.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट. २१ मे २०२४. कळाशी आणि कुगावच्या दरम्यान चालणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले, त्यात लहान लेकरं होती. एनडीआरएफची पथकं आली, तेव्हा राज्याला कळलं की इथली माणसं रोज अशा बोटीतून पाणी ओलांडतात, कारण रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा पडतो. आता मला सांगा, त्याच्या आधी कितीतरी वर्षं या पाण्याचे फोटो निघत होते ना? बोटीचेही निघत होते. संध्याकाळची बोट, काळी आकृती, मागं सूर्य. पण त्या बोटीत मोटारसायकल चढवलेली आहे, बाई कडेवर लेकरू घेऊन बसली आहे, अंगात लाईफ जॅकेट कुणाच्याच नाही, हे दिसायला उजेड समोरून लागतो. सूर्य मागं ठेवला की माणूस काळाच होणार. सुंदर दिसतं, पण कोण बसलंय, कसं बसलंय ते कळत नाही. बोट बुडाल्यावर बातमीचे कॅमेरे आले. रोजच्या बोटीचा तारखेसकट एक साधा फोटो दरवर्षी कुणी काढून ठेवला असता, तर पूल मागताना अर्जाला जोडता आला असता.

काही जण म्हणतील, अहो दादा, कलेत हे असलं कशाला आणता? फोटो डोळ्याला गोड लागावा एवढंच. लागू द्या की. माझा आक्षेप गोडव्याला नाही. पण फोटो नुसता भिंतीवर राहत नाही, त्याच्यावरनं लोक मतं बनवतात आणि पुढं मतांवरनं कायदे होतात. माळढोक अभयारण्य आठवा. १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि नगर जिल्ह्याचे तालुकेच्या तालुके त्यात गेले, आपला करमाळाही गेला. त्यात गावं होती, सातबारे होते, विहिरी होत्या. जमिनीच्या व्यवहारापासून रस्त्यापर्यंत किती अडचणी आल्या ते जुन्या माणसांना विचारा. शेवटी क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आणि पक्षी? तोही राहिला नाही म्हणण्याइतका कमी झाला. माणसाला बाजूला ठेवून काढलेल्या नकाशानं माणसाचं भलं झालं नाही आणि माळढोकाचंही झालं नाही. त्या माळावर मेंढरं चरत होती, ज्वारी होत होती, आणि त्याच माळावर माळढोक अंडी घालत होता. ते एकत्र कसं चालत होतं हे दाखवणारे फोटो पाहिजे होते.

भोरड्यांचंही तसंच. हजारोंचा थवा संध्याकाळी आभाळात वळणं घेतो, त्याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. ज्वारी हुरड्यात असताना तोच थवा उतरला की शेतकऱ्याला पत्र्याचा डबा आणि गोफण घेऊन माचाणावर चढावं लागतं. आता याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पक्ष्यांचा वैरी दिसतोय. भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात. म्हणजे तो आपला चोरही आहे आणि बिनपगारी गडीही. कृषी खात्याच्या साहेबांना माझी विनंती आहे, या विषयावर आम्हाला व्याख्यान नको, फोटो दाखवा. कणसावर बसलेली भोरडी आणि चोचीत नाकतोडा धरलेली भोरडी, शेजारी शेजारी. गडी माणसाला एका मिनिटात कळेल.

आता बाहेरून येणाऱ्या मोठ्या लेन्सवाल्यांविषयी. येतात, नावाड्याला पैसे देतात, त्याचं घर चालतं, चांगलं आहे. पण बसलेल्या पक्ष्याचा फोटो झाला की 'अजून जवळ घे, उडू दे' सुरू होतं. हजारो कोस उडून आलेला पट्टकदंब दिवसातून दहा वेळा कशाला उठवायचा? नावाडी नाही म्हणू शकत नाही, कारण पुढचं गिऱ्हाईक जाईल. दोष नावाड्यावर टाकू नका. पैसे देणाऱ्यानं सांगावं की लांब थांब.

आणि ऊसतोडीच्या टोळ्या! कोप्यांपुढं चूल पेटवणारी बाई, वाढ्यांवर बसलेलं शेंबडं पोर, ह्याचे फोटो 'ग्रामीण सौंदर्य' म्हणून फिरतात. बाईला विचारलं होतं का? तिला तिचं नाव तरी विचारलं का? तुमच्या बायकोचा न्हाणीघरापुढचा फोटो असा कुणी टाकला तर चालेल? पाखराला विचारता येत नाही, माणसाला येतं.

एवढं बोलून झालं, आता आपल्या गावच्या पोरांकडं येतो, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. बाहेरचा दोन दिवसांचा पाहुणा, त्याला काय दिसणार. पण आमच्याच भागातला पोरगा, ज्याचा स्टुडिओ आहे, जो लग्नं करतो, बारसं करतो, दहाव्याला फ्रेम करून देतो, तोसुद्धा कॅमेरा घेऊन शिवारात गेला की पुण्याच्या माणसासारखे फोटो काढतो. अरे बाबा, तुला जे दिसतं ते पुण्याच्या माणसाला जन्मात दिसायचं नाही. पहाटेच्या गाडीला स्टेशनवर दुधाचे कॅन घेऊन कोण उभं आहे ते तुला माहीत आहे. केळीची गाडी भरताना घड खांद्यावर कसा घेतात, खाली फोम का अंथरतात, कंदरच्या पॅकहाऊसमध्ये फण्या पाण्यात का टाकतात, हे तू रोज बघतोस. घड पडला, केळाला डाग गेला की एक्स्पोर्टचा माल तिथंच लोकलच्या भावात जातो. या कष्टाचा एक धड फोटो आमच्या भागात सापडत नाही आणि रोहितचे दहा हजार सापडतात.

स्टुडिओवाल्यांनो, तुमच्याकडं काय आहे ते तुम्हालाच माहीत नाही. जुने लग्नाचे अल्बम काढा. नवरा-नवरी सोडा, मागं बघा. मांडवाच्या मागं कडब्याची गंज दिसेल. बैलं दिसतील, एका दावणीला चार-चार. पुढच्या दहा वर्षांच्या अल्बमात गंज बारकी झालेली, ट्रॅक्टर आलेला. त्याच्या पुढच्यात मांडवाच्या चारी बाजूंनी ऊस. आता केळी. ज्वारीचा करमाळा ऊस-केळीचा कसा झाला, याचा एवढा चोख पुरावा कुठल्याही हापिसात नाही. आणि आपण काय करतो? डिजिटल आल्यावर निगेटिव्हचे डबे भंगारात घालतो. जागा अडते म्हणे. पुढच्या वेळी भंगारवाला दारात आला तर त्याला चहा पाजा आणि रिकामा पाठवा. आपल्याला नको असतील तर शाळेला विचारा, वाचनालयाला विचारा.

'फोटोनं पोट भरतं का' म्हणणाऱ्या जाणत्या मंडळींनाही उत्तर देऊन ठेवतो. भरतं. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे, पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. नोंद नसली तर पुढं मदतीला, खरेदीला अडतं. २०२४ पर्यंत पीक विम्यात नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, आणि तिथंही फोटोच कामाला यायचा. म्हणजे सरकारनं आपल्याला केव्हाच फोटोग्राफर केलंय. आता आलोच आहोत या धंद्यात तर नीट करू.

नीट म्हणजे कसं? केळीच्या पानाचा एक फोटो सहायक कृषी अधिकाऱ्यांना पाठवायचा आणि 'साहेब काय मारू' विचारायचं, हे बंद करा. करपा आहे, मोझॅक आहे की नुसती अन्नद्रव्याची कमतरता, हे एका पानाच्या तुकड्यावरून देवही सांगणार नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, अख्खं झाड, आणि बांधावरून पूर्ण प्लॉट असे चार फोटो. डागाशेजारी रुपयाचं नाणं धरा म्हणजे आकार कळेल. दुपारी बाराच्या उन्हात काढू नका, पान पांढरं पडतं. पिवळेपणा जुन्या पानावर आधी आला की कोवळ्या पानावर, हे लिहा. लागण कधीची, पाणी कधी दिलं, आधी काय फवारलं, हेही लिहा. बघा, इथंही तोच मुद्दा येतो. रोगट पान तेवढं कापून दाखवलं तर निदान चुकतं. रोहितच्या फोटोत नेमकं हेच चाललंय.

शेवटचं, बिबट्याचं. डिसेंबर २०२० मध्ये आपल्या तालुक्यात बिबट्यानं लिंबेवाडी, अंजनडोह, चिखलठाण अशा तीन ठिकाणी चार-पाच दिवसांत तीन बळी घेतले. १८ तारखेला त्याला गोळी घालून मारला, तोवर माणसं उसाला रात्रीचं पाणी धरायला जात नव्हती. त्या दिवसांत मोबाईलवर इतके बिबटे फिरत होते की खरा कुठला, कुठल्या गावचा आणि कधीचा, काही पत्ता लागत नव्हता. फोटोवर ना गाव ना तारीख. आता तर कॉम्प्युटरनं बनवलेला बिबट्या खऱ्यापेक्षा खरा दिसतो. असल्या काळात विश्वास ठेवायचा तर तो त्या फोटोवर, ज्याच्याखाली काढणाऱ्याचं गाव, शिवार आणि दिवस लिहिलेला आहे, आणि ज्याला गावातली चार माणसं ओळखतात. म्हणून म्हणतो, गावचा फोटोग्राफर ही करमणुकीची बाब राहिलेली नाही.

या उन्हाळ्यात मी इथं उजनीकाठचे फोटो टाकणार आहे. तुम्हीही पाठवा, कुठल्याही मोबाईलचे चालतील. जलपर्णीचे पाठवा, हिरव्या पडलेल्या पाण्याचे पाठवा. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून इकडंच येतं आणि सोलापूर शहर हेच पाणी पितं, हे त्यांनाही दिसू दे. रोहितचेही पाठवा, मला तो आवडतो. फक्त खाली गावाचं नाव, तारीख आणि त्या दिवशी धरण प्लस किती की मायनस किती ते लिहा. माणूस असेल तर त्याला विचारून काढा आणि त्याची हरकत नसेल तर नावानिशी लिहा. मोटारीची केबल मधी आली तर राहू द्या.