न दिसलेली भेग

मोटारसायकलवरून फेकला गेलेला एखादा तरुण मध्यरात्री रुग्णालयात आणला जातो. तो शुद्धीवर नसतो. कोठे दुखते हे सांगण्याची सोय नसते. छातीचा, मानेचा आणि ओटीपोटाचा असे फोटो काढले जातात, त्यांत विशेष काही आढळत नाही, आणि दोन दिवसांनी त्याला उठवून बसविताना त्याचे हात बधिर पडतात. अशा वेळी दोष कोणाचा? 'डॉक्टरांचा' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण पुष्कळदा खरा प्रश्न डॉक्टरांच्या डोळ्यांचा नसून, त्यांच्यापुढे काय ठेवले गेले याचा असतो. सावली पाहून जखमेचा पंचनामा करावयास सांगितलेल्या माणसाने काही पाहिले नाही, म्हणून त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे नव्हे.

क्ष-किरणांचे चित्र म्हणजे अखेर सावलीच. रंटगेन यांनी १८९५ साली हे किरण शोधले. मनगटापासून कोपरापर्यंतचे किंवा नडगीचे हाड मोडले असता त्यांचे चित्र आजही चोख काम देते आणि त्याची जागा दुसऱ्या कशाला देण्याचे कारण नाही. अडचण येते ती जेथे हाडावर हाड येते तेथे. मानेचा सातवा मणका खांद्यांच्या सावलीत दडतो. माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी आतड्यांतील वायूच्या आड जाते. खुब्याची खोबण, टाचेचे हाड, गुडघ्याखालचा सांध्याचा पृष्ठभाग ही सारी वळणावळणाची रचना एका सपाट कागदावर चेपली की तिच्यातील भेग रेषांच्या गर्दीत हरवते. मानेच्या कण्याच्या दुखापतींविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात साध्या क्ष-किरण चित्रांनी सुमारे ५२ टक्के दुखापती पकडल्या, तर सीटी स्कॅनने ९८ टक्के. छापा की काटा करूनही जवळपास इतकेच यश मिळाले असते, असे म्हटले तर तज्ज्ञांनी रागावू नये.

सीटी स्कॅनचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे विद्यापीठाची पदवी नसलेले इंग्रज अभियंता. ते ज्या ईएमआय कंपनीत नोकरीस होते, तिच्याच 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या आमच्या घराघरांत वाजल्या. त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनजवळच्या एका रुग्णालयात घेतले. अॅलन कॉरमॅक यांनी त्यापूर्वीच स्वतंत्रपणे यामागचे गणित मांडले होते, आणि १९७९ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरवावयाची, शेकडो कोनांतून किरण किती अडले ते मोजावयाचे आणि त्या आकड्यांवरून शरीराचा आडवा काप संगणकाकडून रचून घ्यावयाचा, ही त्यातील कल्पना. त्या काळी एका कापाला कित्येक मिनिटे लागत. आज डोक्यापासून मांडीपर्यंतचे शरीर एका मिनिटाच्या आत न्याहाळता येते, आणि तेच आकडे पुन्हा जुळवून हाड उभे, आडवे, मागून, पुढून, हवे तसे पाहता येते.

याचा लाभ शस्त्रवैद्याला कसा होतो हे आमच्या शहरातील एका नित्याच्या अपघातावरून ध्यानात येईल. परांचीवरून पडलेला मजूर बहुधा टाचांवर आदळतो. टाचेचे हाड चुरडते आणि तोच आघात वर जाऊन कमरेचा मणकाही मोडतो. टाच सुजलेली दिसते म्हणून सर्वांचे लक्ष तिच्याकडे. पाठीची तक्रार 'मुका मार' या सदरात जाते. साध्या चित्रात मणका किंचित चेपल्यासारखा दिसला, तरी तो केवळ पुढून दबला आहे की फुटून त्याचा तुकडा मागे मज्जारज्जूच्या वाटेत घुसला आहे, हे खात्रीने कळते ते आडव्या कापात. पहिल्या प्रकारात बहुधा पट्टा आणि विश्रांती पुरते. दुसऱ्यात शस्त्रक्रियेचा विचार तातडीने करावा लागतो. टाचेचेही तसेच. सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे दोन झाले की चार, हे ठाऊक नसता तिला चीर देणे म्हणजे नकाशावाचून रान तुडविणे होय. त्या मजुराचे पुढील सारे आयुष्य, परांचीवर पुन्हा चढणे की दारावर बसून राहणे, या एका तपासणीवर लटकलेले असू शकते.

मग जो जो पडला त्या त्या माणसाचे सर्वांग यंत्रात घालावे काय? तसे आमचे म्हणणे नाही, आणि येथे आमच्या वाचकवर्गालाच दोन शब्द ऐकवणे भाग आहे. पोर पाळण्यावरून पडले, टेंगूळ आले, की 'डॉक्टर, स्कॅन करूनच टाका' असा हट्ट धरणारे पालक झोपडपट्टीतले नसतात. ते आपणच असतो. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या ४२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ३५ टक्के मुलांचा स्कॅन झाला. मेंदूची गंभीर इजा मात्र शेकडा एकालाही नव्हती. जगातील सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. सर्वांगाच्या स्कॅनमध्ये त्याच्या कित्येक पट मात्रा काही सेकंदांत पडते, आणि कोवळ्या वयात तिचा धोका अधिक.

मोठ्यांच्या बाबतीतही तारतम्य सुटू नये. हॉलंड व स्वित्झर्लंडमध्ये १,०८३ गंभीर जखमींवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सरसकट सर्वांगाचा स्कॅन झालेल्यांत आणि निवडक स्कॅन झालेल्यांत रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण सारखेच, १६ टक्के, निघाले. मनुष्य पूर्ण शुद्धीवर आहे, नशेत नाही, मानेच्या मध्यरेषेवर दाबले तर दुखत नाही, हातापायांत बधिरता वा दुर्बलता नाही आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी मोठी जखमही नाही, अशी पाच लक्षणे जुळली तर मानेच्या कोणत्याही चित्राची गरज बहुधा नसते. हे तपासण्यास वीज लागत नाही. बोटे आणि पाच मिनिटांचा धीर लागतो. उलट ज्याचा रक्तदाब झपाट्याने उतरतो आहे त्याला यंत्राकडे नेणे हा अविचार होय. त्याच्या मोडलेल्या ओटीपोटाभोवती खुब्याच्या पातळीवर साधी चादर करकचून बांधली तरी रक्तस्रावाला आळा बसू शकतो. आधी ते, मग चित्र. शिवाय सीटी सर्वज्ञ नाही. अस्थिबंध तुटले आहेत काय, मज्जारज्जू चेपला आहे काय, वृद्धेच्या खुब्यात केसाएवढी ताजी भेग आहे काय, याचे उत्तर एमआरआय अधिक चांगले देतो.

तेव्हा वाद यंत्र असावे की नसावे हा नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले. १,६८,४९१ माणसे गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. यांतील कितीतरी जण अशा दारी पोचतात, जेथे यंत्र आहे, त्याच्या उद्घाटनाची कोनशिलाही आहे, पण रात्री ते चालविणारा तंत्रज्ञ नाही. तंत्रज्ञ असलाच तर चित्र वाचणारा तज्ज्ञ सकाळी उगवतो. मग नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देऊन रुग्णाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खाजगी केंद्राकडे रवाना करण्यात येते. मानेला आधार नाही, रस्त्यात खड्डे, आणि केंद्राच्या खिडकीवर आधी पैशांची विचारणा. जी भेग शोधावयाची ती त्या प्रवासातच सरकली तर त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडावयाचा?

कायदा गप्प आहे असे नव्हे. जखमीला तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले. रस्ते-अपघातातील जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रकमेवाचून उपचार व्हावेत, अशी योजना केंद्र सरकारने २०२५ च्या मे महिन्यात अधिसूचित केली आहे. तिचा लाभ मिळावयाचा तर यंत्र अपघात विभागाच्या शेजारच्या खोलीत हवे, दुसऱ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी काढलेले चित्र क्षणात मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञापुढे ठेवता येते, तेव्हा रात्रपाळीला तज्ज्ञ मिळत नाही ही सबब आता चालू नये. रुग्ण दुसरीकडे हलविला तर त्याची चित्रे त्याच्याबरोबर गेली पाहिजेत. नव्या रुग्णालयात तोच स्कॅन, तेच किरण आणि तेच बिल पुन्हा का?

महापालिकेने आणि राज्याच्या आरोग्य खात्याने एवढे तरी तूर्त करावे: प्रत्येक गंभीर जखमीच्या केसपेपरवर तो दारात किती वाजता आला, यंत्राखाली किती वाजता गेला आणि अहवाल किती वाजता हाती पडला, या तीन वेळा लिहाव्यात आणि रुग्णालयवार त्यांचे आकडे दरमहा प्रसिद्ध करावेत. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. भिंतीवर घड्याळ आहे, टेबलावर लेखणी आहे.