थ्री नॉट थ्रीचे मोल

विजापूरच्या बुरुजावरची मुलुख मैदान तोफ मूळची नगरची. निजामशाहीत, १५४९ साली, महंमद बिन हसन रूमी याने ती इथे ओतली. सुमारे ५५ टन वजनाची ही तोफ इंग्रजी अमलात, १८५४ मध्ये, अडगळीचे सामान म्हणून लिलावात निघाली आणि तिला बोली लागली १५० रुपयांची. सुदैवाने ती विक्री रद्द झाली, म्हणून तोफ आज पाहायला मिळते. सैन्याला नकोशा झालेल्या शस्त्राची किंमत कशी करायची, याची समज तेव्हाच्या कचेरीला नव्हती. आजही ती आपल्याकडे पुरेशी नाही.

हा विषय आता काढण्याला कारण आहे. दीर्घकाळ पोलिसांच्या खांद्यावर दिसणारी .३०३ ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या बोलण्यातली थ्री नॉट थ्री, सेवेतून जात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ती अतिरेक्यांच्या स्वयंचलित शस्त्रांपुढे किती अपुरी पडली, हे सगळ्यांनी पाहिले. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात तिला रीतसर निरोप दिला. दुसरीकडे, २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले. तिसरी एका वर्षात जमा करायची होती. ज्या घराण्यांत बंदुका वारशाने आल्या होत्या, त्यांना ‘यातली कोणती सोडायची?’ हा प्रश्न तेव्हा खरोखर पडला. अहिल्यानगर, म्हणजे आपले नगर, हा छावणीचा जिल्हा आहे. आर्मर्ड कोअरचे केंद्र इथे, मेकनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र इथे, गावोगाव माजी सैनिक. इथे तरी या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने दिले जाऊ नये.

ओळख पटवण्याचे काम वाटते तितके गूढ नाही. रायफल रिकामी आहे याची खात्री परवानाधारकाने करून घेतली, की बोल्टच्या मागे, जिथे लाकडी दस्ता लोखंडाला मिळतो, त्या पट्ट्याची उजवी बाजू उजेडात धरायची. ली-एनफिल्डची जन्मपत्रिका तिथे ठोकलेली असते. वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, साल आणि नमुना. ‘एनफिल्ड’ किंवा ‘बीएसए’ असेल तर ती विलायतेची, ‘लिथगो’ असेल तर ऑस्ट्रेलियाची. ‘जीआरआय’ ही अक्षरे आणि ‘इशापूर’ हे नाव दिसले, तर ती बंगालमधल्या आपल्याच कारखान्यात घडलेली. स्वातंत्र्यानंतरच्या इशापूर रायफलींवर मुकुटाची जागा अशोकाच्या सिंहांनी घेतली. तारा जोडलेला ‘थ्री स्टार’ नमुना १९१६ चा. युद्धात उत्पादन वाढवायचे म्हणून मॅगझिनवरची सरकपट्टी आणि लांब पल्ल्याची जादा साइट त्यातून काढून टाकली होती. या दोन्ही गोष्टी शाबूत असलेली त्याआधीची रायफल म्हणूनच जास्त दुर्मीळ.

पुढच्या लाकडात, मॅगझिनच्या पुढे, आरपार गेलेला एक स्क्रू दिसला तर ती रायफल हिंदुस्थानी शस्त्रशाळेतून गेलेली असण्याची शक्यता मोठी, कारण लाकूड चिरू नये म्हणून ही खबरदारी इथे घेतली जाई. पुढच्या भागावर तार गुंडाळलेली असेल तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेली. ‘डीपी’ ही अक्षरे असतील तर केवळ कवायतीची, त्यातून गोळी झाडणे जिवावर बेतू शकते. बाणाची खूण म्हणजे सरकारी मालकी, आणि बाणाखाली ‘आय’ म्हणजे हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील, तर ती सरकारनेच सेवेबाहेर काढून विकलेली आहे. ‘सरप्लस’ या शब्दाचा लोखंडावरचा पुरावा तो हाच.

चीन युद्धानंतरच्या वर्षांत इशापूरने हाच साचा ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी, अधिक मजबूत पोलादात घडवला. हे २-ए आणि २-ए-१ नमुने. त्यांचे मॅगझिन जास्त चौकोनी दिसते. २-ए ची मागची साइट २००० पर्यंत आखलेली, तर २-ए-१ ची ८०० पर्यंत. एवढ्या एका खुणेवरून दोन्ही वेगळ्या करता येतात. या रायफली पुढे मोठ्या संख्येने अमेरिकेत सरप्लस म्हणून विकल्या गेल्या आणि तिथले हौशी संग्राहक त्यांना ‘इशापूर’ याच नावाने ओळखतात. इथल्या कारागिरांच्या हातचे हे काम परदेशात अभ्यासले जाते आणि इथे त्याचे नावही फारसे कुणाला ठाऊक नसते, याची खंत वाटते.

नकली माल ओळखायलाही हीच अक्षरे कामी येतात. खैबर खिंडीच्या परिसरात हाताने घडवलेल्या हुबेहूब रायफली शंभराहून अधिक वर्षे बाजारात आहेत. घडवणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून अक्षरे उलटी पडत. कुठे १९१० चे साल आणि वर ‘व्हीआर’, म्हणजे व्हिक्टोरिया राणी. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली होती. ज्याला एवढा इतिहास ठाऊक आहे तो फसत नाही.

किंमत ठरते ती अस्सलपणावर. बोल्ट, नळी, मुख्य सांगाडा आणि तोंडाकडची टोपी यांवरचा क्रमांक एकच असेल तर रायफल कारखान्यातून निघाली तशी आहे. क्रमांक जुळत नसतील तर ती चार रायफलींच्या सुट्या भागांतून उभी केलेली, आणि जगभरच्या बाजारात तिचा भाव बराच खाली येतो. शिकारीसाठी कापून आखूड केलेल्या रायफलीचेही तेच. आपल्याकडचे सर्वांत मोठे नुकसान मात्र प्रेमापोटी होते. खंडेनवमीला शस्त्रपूजन करायचे म्हणून सॅंडपेपरने घासून नळी चकचकीत केली जाते, दस्त्यावर नवे वॉर्निश चढते. त्या घासण्यात जुना काळसर मुलामा जातो, ठोकलेल्या खुणा पुसट होतात आणि मग रायफल कोणती, कुठली, कधीची हे सांगायला काहीच उरत नाही. पूजेला हळदकुंकू आणि तेलाचे बोट पुरे.

अस्सलपणाच्याही वर एक गोष्ट असते, ती म्हणजे वस्तूचा माग. याचे उत्तम उदाहरण नगरमध्येच आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यात धारातीर्थी पडले, तो ‘फामागुस्टा’ आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. दुसरा सेंच्युरियन आणि हा, यांच्या पोलादात फरक नाही. फरक आहे तो कागदोपत्री टिकलेल्या नोंदीत. रायफलीच्या दस्त्यावर उजव्या बाजूला एक छोटी पितळी चकती असे आणि तिच्यावर पलटणीची खूण कोरलेली असे. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या पलटणीशी नाते सांगणारी एखादी रायफल पुढे आली, तर तिचे मोल कुठल्याही दुकानदाराच्या भावात मावणार नाही. पण ते नाते सिद्ध व्हायला चकती हवी, नोंद हवी, पत्र हवे.

इथे कायद्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण परदेशी भाव ऐकून आपल्याकडे भलत्या आशा वाढतात. .३०३ आणि ७.६२ च्या रायफली तसेच पोलिसांसाठी बदललेली .४१० मस्केट ही आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरची शस्त्रे आहेत. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा. म्हणूनच इशापूरने नागरिकांसाठी त्याच धाटणीची .३१५ रायफल वेगळी काढली. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र सापडले तर किमान ७ वर्षांची कैद आहे. ‘गंजलेली आहे, चालत नाही’ ही सबब टिकत नाही. कायद्यातली सूट आहे ती ज्याची दुरुस्ती करूनही गोळी सुटू शकत नाही अशाच जुन्या वा मोडक्या शस्त्राला, आणि ते ठरवणे घरमालकाचे काम नाही. शंभर वर्षांपलीकडची ऐतिहासिक रायफल १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेतही येऊ शकते. तशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परवानाधारक वारला किंवा परवाना संपला, तर शस्त्र विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते आणि मुदतीत विल्हेवाट न लागल्यास ते सरकारजमा होऊ शकते.

हा कायदा सैल व्हावा असे आमचे म्हणणे नाही. बंदुकीचा खुला बाजार आपल्या समाजाला परवडणारा नाही. पण बाजार नसल्यामुळे जुन्या शस्त्राला कुणी जाणकार पाहतच नाही, हे मात्र बदलायला हवे. शेजारच्या नेपाळने काठमांडूच्या लगन सिलेखान्यात पडून असलेला हजारो जुन्या बंदुकांचा साठा २००३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांना विकला. ज्या मार्टिनी-हेन्री आणि गहेंद्र रायफलींचा अभ्यास गुरखा पलटणींच्या इतिहासासाठी तिथेच व्हायला हवा होता, त्या आज अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या भिंतींवर आहेत. आपल्याकडे अशा बंदुका भट्टीत जातात, एवढाच फरक.

जिल्हा प्रशासनाने करावयाचे काम लहान आहे. पोलीस ठाण्यांत जमा आणि सरकारजमा झालेल्या शस्त्रांची विल्हेवाट लावण्यापूर्वी त्यांवरच्या खुणांची छायाचित्रे घ्यावीत आणि यादी एकदा लष्करी जाणकारांना दाखवावी. नगरमध्ये १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, निवृत्त शस्त्रतज्ज्ञ आहेत. ज्या शस्त्रात इतिहास आहे ते कायमचे निकामी करून संग्रहालयात ठेवता येते.

आणि ज्यांच्या घरी परवान्याची जुनी बंदूक आहे त्यांना एक विनंती. ती कुणाची, कोणत्या साली, कुठून आली हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून याच आठवड्यात लिहून घ्या, खाली त्यांची सही घ्या आणि तो कागद परवान्याच्या झेरॉक्ससोबत ठेवा.