ना धड आत, ना धड बाहेर

प्रिंटरचे सॉफ्टवेअर बसवताना नेमकी वीज गेली. दिवे आल्यावर संगणक सुरू होतो, पण ते सॉफ्टवेअर चालत नाही, काढू म्हटले तर निघत नाही, आणि दुसरे काही बसवायला जावे तर 'आधीचे निस्तरा' असे संगणक बजावतो. लिनक्स असलेल्या घरात हा प्रसंग कधी ना कधी येतोच.

लिनक्सच्या डेबियन घराण्यात (उबुंटू, मिंट त्यातलेच) सॉफ्टवेअर 'पॅकेज' म्हणून येते. त्याची नोंद 'डीपीकेजी' नावाचा कारभारी आपल्या वहीत ठेवतो. गंमत अशी, की स्वतःला काढताना काय करायचे याच्या सूचनाही पॅकेजच सोबत आणते. त्याच बिघडल्या, तर कारभारी तिथेच अडतो.

म्हणून काढण्याची घाई नको. टर्मिनल उघडून आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' अशी आज्ञा द्यावी (टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत). अर्धवट काम त्याने पुरे होते. नाही भागले, तर 'सुडो अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. वीज गेल्याची दुखणी बहुधा एवढ्यावर बरी होतात. तरीही अडले, तर त्याच पॅकेजची चांगली प्रत पुन्हा बसवावी आणि मग रीतसर काढावी. काही हुशार मंडळी कारभाऱ्याच्या वहीतच खाडाखोड करायला सांगतात; नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. घरचे फोटो, पत्रे 'होम'मध्ये असतात, पॅकेज काढताना त्यांना सहसा धक्का लागत नाही.

मात्र होकार देण्यापूर्वी 'ही पॅकेजे काढली जातील' ही यादी वाचलीच पाहिजे. २०२१ साली कॅनडातले यूट्यूबवरचे प्रसिद्ध संगणक-समीक्षक लायनस सेबॅस्टियन 'पॉप ओएस' या लिनक्सवर खेळांचे 'स्टीम' बसवत होते. पॅकेजांच्या गोंधळामुळे संगणक स्टीमपायी अख्खा डेस्कटॉपच काढायला निघाला. इशाराही मिळाला: पुढे जायचे तर 'होय, सांगतो तसे कर' असे इंग्रजीत टंका. सेबॅस्टियन यांनी ते टंकले! खिडक्या, चित्रे सगळे गेले. उरला काळा पडदा आणि पांढरी अक्षरे. मूळ दोष पॅकेजांचा होता, आणि तो दुरुस्तही झाला. पण त्या गाजलेल्या प्रसंगानंतर अ‍ॅप्टच्या कर्त्यांनी आज्ञावलीच बदलली. इतकी महत्त्वाची पॅकेजे काढण्याचा उपाय ती आता आपणहून सुचवत नाही.