विमानतळापासून दूर लावलेली गाडी

विमानाचं तिकीट काढताना आपण सगळे फार हुशार असतो. मंगळवारचं स्वस्त की बुधवारचं, दुबईवरून जावं की लंडनवरून, यावर घरात चार-चार दिवस खल चालतो. तीच मंडळी अमेरिकेत गाडी घेऊन विमानतळावर जातात तेव्हा मात्र टर्मिनलला लागून असलेल्या बहुमजली पार्किंगमध्ये गाडी लावून मोकळी होतात. तीन आठवड्यांनी भारतातून परत आल्यावर यंत्रावर जो आकडा उमटतो, तो कुणी कुणाला सांगत नाही.

यावर एक जुना आणि सोपा उपाय आहे. गाडी विमानतळावर लावायचीच नाही. दोन-चार मैलांवर कुठेतरी लावायची आणि तिथून शटल बसने टर्मिनल गाठायचं. याला तिकडे 'पार्क अँड राइड' म्हणतात. कल्पना मुळात शहरांची. इंग्लंडातल्या ऑक्सफर्डमध्ये १९७३ पासून गावाबाहेर गाडी लावून बसने आत जायची कायमची सोय आहे. विमानतळांनी तीच उचलली.

यामागचं अर्थशास्त्र कळायला पदवी लागत नाही. टर्मिनलजवळची जागा थोडी आणि गिऱ्हाईक घाईत, म्हणून भाव चढा. अमेरिकेत तर विमान कंपन्यांकडून मिळणारे पैसे सोडले, तर विमानतळांच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक म्हणजे हे पार्किंग. दूरची जागा स्वस्त, तिथे नुसतं मैदान आणि कुंपण असलं तरी भागतं. समजा टर्मिनलजवळ दिवसाला ४० डॉलर आणि बाहेर १५ डॉलर आहेत. २१ दिवसांचे एकीकडे ८४० झाले, दुसरीकडे ३१५. सव्वापाचशे डॉलर वाचले! तेवढ्यात चौघांची कोकणची सहल आरामात होईल.

पण मंडळी, वजाबाकी इथेच संपवू नका. जाहिरातीतल्या आकड्यात कर आणि इतर आकार बहुधा धरलेले नसतात, ते बिलात दिसतात. अनेक विमानतळ या बाहेरच्या पार्किंगवाल्यांकडूनही आत गाड्या आणण्याची फी घेतात, आणि ती अर्थातच तुमच्याकडून वसूल होते. बॅगा चढवणाऱ्या ड्रायव्हरला बॅगेमागे डॉलर-दोन डॉलर द्यायची तिकडे रीत आहे. शिवाय जाताना पाऊणएक तास लवकर निघावं लागतं. येताना थकल्या अंगाने शटलची वाट पाहावी लागते, आणि जानेवारीत बॉस्टनसारख्या ठिकाणी ही वाट पाहणं म्हणजे काय ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. दोन दिवसांच्या कामासाठी एकटा जाणारा माणूस असेल तर वाचणारे पन्नास डॉलर या सगळ्यात विरून जातात. तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्या कुटुंबाचं गणित वेगळं असतं. आणि घर विमानतळाजवळ असेल तर दोन्ही पार्किंगांपेक्षा टॅक्सीच स्वस्त पडते, हेही पडताळून बघावं.

इंग्लंडात आणखी एक प्रकार आहे. टर्मिनलच्या दारात माणूस उभा असतो, तुम्ही किल्ली त्याच्या हातात द्यायची, गाडी तो नेऊन लावतो. गॅटविकसारख्या विमानतळांच्या आसपास अशा काही भामट्यांनी लोकांच्या गाड्या चिखलाच्या शेतात नेऊन लावल्या आणि परस्पर वापरल्या, अशी प्रकरणं उघडकीला आली. म्हणून तिथे 'पार्क मार्क' नावाची मान्यतेची खूण असलेली जागाच बघावी असं सांगतात. नुसतं स्वस्त बघून किल्ली कुणाच्याही हाती देऊ नये, एवढं शहाणपण आपल्याला कुणी शिकवायला नको.

इथवर झाली काटकसर. पण मला हा विषय आवडला तो पैशांमुळे नव्हे, बॉस्टनच्या लोगन विमानतळामुळे. आमची लेक बॉस्टनच्या पश्चिमेला राहते, म्हणून त्या बाजूला आमचं जाणं-येणं आहे. तिथे फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे, विमानतळापासून ३५-४० किलोमीटरवर. तिथे गाडी लावायची आणि 'लोगन एक्सप्रेस' नावाच्या बसने थेट टर्मिनलला उतरायचं. दिवसाचं पार्किंग विमानतळाच्या मानाने अगदी किरकोळ. आणि गंमत म्हणजे ही बस कुणा खाजगी पार्किंगवाल्याची नाही. विमानतळ ज्या सरकारी संस्थेचा आहे, तीच ती चालवते. फ्रेमिंगहॅमसारखीच इतर उपनगरांतूनही चालवते.

स्वतःच्या पार्किंगचं गिऱ्हाईक स्वतःच कोण दूर पाठवेल? याचं उत्तर विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या ईस्ट बॉस्टन या वस्तीत आहे. ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून आलेल्या कष्टकऱ्यांची. विमानतळ वाढत गेला तसा तो यांच्या अंगावर आला. समुद्रकाठी वुड आयलंड पार्क नावाची बाग होती, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने आखलेली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या दोन आराखडाकारांपैकी तो एक. ती बाग १९६० च्या दशकाच्या अखेरीस धावपट्टीच्या विस्तारात गेली. भरावाची माती वाहणारे ट्रक मुलांच्या रस्त्यावरून दिवसभर धावू लागले, तेव्हा १९६८ मध्ये मॅव्हरिक स्ट्रीटवरच्या आया बाबागाड्या घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी ट्रक अडवले. आपल्याकडे हंडे घेऊन रस्त्यावर बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे ते चित्र मला परकं वाटत नाही.

पुढे १९७० च्या दशकात स्वच्छ हवेच्या कायद्याचा आधार घेऊन लोगनवर गाड्या लावण्याच्या जागांवरच मर्यादा आली. एवढ्याच गाड्या, याहून जास्त नाहीत. जागा वाढवता येईना तेव्हा लोकांना दुसरा रस्ता देणं भाग पडलं, आणि १९८० च्या दशकात या बसगाड्या धावू लागल्या. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते असं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला तिचा पुढचा भागच जास्त शिकवून जातो. पार्किंग मिळेनासं झालं म्हणून सगळेच बसने जाऊ लागले नाहीत. कितीतरी लोक म्हणू लागले, 'मला कुणीतरी सोडायला येईल'. आता जरा हिशेब करा. मी स्वतः गाडी नेऊन लावली तर गाडीच्या खेपा दोन, एक जाताना आणि एक येताना. मला कुणी सोडायला आलं तर ती गाडी रिकामी परत जाते आणि आणायला पुन्हा रिकामी येते. खेपा झाल्या चार! धूर दुप्पट, बोगद्यातली गर्दी दुप्पट. हेच कारण देऊन विमानतळाने जागा वाढवून मागितल्या आणि २०१७ मध्ये मर्यादा ५००० जागांनी वाढवण्यात आली. म्हणजे नुसती बंदी घालून भागत नाही. सोय आधी द्यावी लागते, आणि ती माणसाला जमेल अशी असावी लागते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, २०२५ मध्ये वारले. त्यांनी 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हा जाडजूड ग्रंथ २००५ मध्ये लिहिला. म्हणणं साधं होतं. फुकट पार्किंग कधीच फुकट नसतं, त्याची किंमत कुणीतरी दुसरा मोजत असतो. विमानतळाचं पार्किंग फुकट नसलं तरी हे म्हणणं तिथेही लागू पडतं. माझ्या गाडीच्या चार खेपांची किंमत मी पेट्रोलमध्ये भरते असं मला वाटतं. तिचा काही भाग ईस्ट बॉस्टनमधलं पोर श्वासातून भरत असतं.

आता जरा आपल्या घरातल्या गोष्टीकडे येते. आईवडिलांना बसने विमानतळावर पाठवणं आपल्या मंडळींना अजून जड जातं. 'एवढी मोठी गाडी दारात, आणि सासू-सासऱ्यांना बसने पाठवलं?' हे वाक्य कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ऐकू येतं. आपल्याकडे सोडायला येण्यात माया मोजली जाते. गावाकडे एस.टी. स्टँडवर एकाला सोडायला सात जण यायचे, ते बस दिसेनाशी होईपर्यंत उभे असायचे. ते मला आजही चांगलं वाटतं, त्याची थट्टा मी करणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या जिवाला तर प्रत्येक निरोपाच्या वेळी मनात येतंच की पुढच्या खेपेला जमेल की नाही. कुणी ते बोलून दाखवत नाही, एवढंच.

म्हणूनच विचारते, गाडीने सोडायला आलेल्या मुलाशी आपलं बोलणं किती होतं? त्याचे डोळे रस्त्यावर, कान नकाशा सांगणाऱ्या बाईकडे. टर्मिनलच्या दारात दोन मिनिटं थांबलं की मागचा पोलीस हात करतो, 'चला, पुढे घ्या'. लगबगीने बॅगा उतरवायच्या, अर्धवट नमस्कार, आणि गाडी गेली. इंग्लंडात तर त्या दोन मिनिटांचेही पैसे आहेत. लंडनच्या हीथ्रोवर नुसतं दारात उतरवायला २०२१ च्या नोव्हेंबरपासून आकार द्यावा लागतो.

याउलट लेक फ्रेमिंगहॅमला गाडी लावून आपल्याबरोबर बसमध्ये बसली तर? 'आई, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवल्यास ना?' यापासून सुरुवात होते आणि रस्ता संपेपर्यंत कितीतरी बोलून होतं. तिचे हात मोकळे असतात, त्यातला एक आपल्या हातात राहू शकतो. ती टर्मिनलमध्ये येऊन सुरक्षा तपासणीच्या रांगेपर्यंत सोबत राहू शकते आणि त्याच बसने परत जाऊ शकते. मग यात माया कमी कुठे झाली?

अर्थात हे सगळ्यांनी करावं असा माझा आग्रह नाही. ज्यांचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत, ज्यांना व्हीलचेअर लागते, ज्यांचं विमान शेवटच्या बसनंतर उतरतं, त्यांना दारापर्यंत गाडीनेच न्यावं. त्यांच्यासाठीच तर दारातली जागा मोकळी राहायला हवी, आणि ती धडधाकट माणसांच्या गाड्यांनी अडलेली असते.

आपल्याकडे काय आहे? पुण्याहून मुंबईच्या विमानतळावर जाणारी शेअर टॅक्सी आठवा. दारातून उचलते, तीन-चार प्रवासी, प्रत्येकाच्या दोन-दोन बॅगा. पार्किंगची भानगडच नाही. गरजेतून निघालेली ही सोय कुठल्याही परदेशी योजनेपेक्षा कमी नाही. मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तीच विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांची स्थानकं घेऊन. बंगळुरात वातानुकूलित 'वायू वज्र' बस शहरभरातून विमानतळावर जातात. आणि नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे.

नव्या विमानतळाची बातमी आली की आपण धावपट्टी किती लांब आणि पार्किंग किती गाड्यांचं हे वाचतो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा. गाडी नसलेला माणूस पहाटे चारच्या विमानाला दोन बॅगा घेऊन कसा पोचेल? पनवेल, ठाणे, कल्याण, पुणे अशा ठिकाणी राखणदार असलेलं स्वस्त पार्किंग, तिथून ठरल्या वेळी निघणारी बस, बॅगांना जागा, आणि म्हाताऱ्या माणसाला चढता येईल अशी पायरी, एवढंच तर हवं आहे. बॉस्टनला हे सुचायला आधी एका वस्तीची बाग जावी लागली आणि आयांना रस्त्यात उभं राहावं लागलं. आपल्याला ती गोष्ट आयती माहीत आहे. सवयी लागायच्या आतच सोय झाली तर लोक ती वापरतील, आणि लोकलाजही हळूहळू जाईल. मीटरचा आकडा बघून पोटात गोळा येणारी माणसं इथेही काही कमी नाहीत!

तुमची मुलं परदेशी असतील तर पुढच्या वेळी हा विषय त्यांच्याकडे तुम्हीच काढा. त्यांना तो काढता येणार नाही, त्यांना वाईट दिसेल. 'आम्हाला बस चालेल' हे आईवडिलांनीच म्हणायला हवं.