पुराचं स्वप्न कुणाचं?

परीक्षा जवळ आली की मला पुराचं स्वप्न पडतं. पाणी जिना चढत येतं आणि माझे पाय हलतच नाहीत. सकाळी उठून सर्च केलं, तर एका ठिकाणी धनलाभ, दुसरीकडे संकट. काहीही!

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्नेस्ट हार्टमन यांचं म्हणणं मला जास्त पटतं. आगीतून वाचलेल्या माणसांनाही प्रचंड लाटेत वाहून जाण्याची स्वप्नं पडतात, असं त्यांनी मांडलं. प्रसंग वेगळा, हतबलता तीच. स्वप्न त्या भावनेचं चित्र काढतं. म्हणजे माझा पूर सबमिशन्सचा!

हा शोध मी उत्साहाने रूममेटला ऐकवला. ती शिरोळ तालुक्यातली. म्हणाली, "तुझं पाणी प्रतीक असेल गं. माझ्या स्वप्नात २०१९चा ऑगस्ट येतो. दावणीची म्हैस सोडायची राहिली म्हणून दचकून उठते." पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकली, की ती आजही अर्ध्या रात्री घरी फोन लावते.

मी गप्प झाले. स्वप्न एकच, माझ्यासाठी उपमा, तिच्यासाठी आठवण. म्हणून वाटतं, कुणी पुराचं स्वप्न सांगितलं तर लगेच अर्थ लावत बसू नका. आधी विचारा, "खूप घाबरलीस का?" आणि तेच स्वप्न रोज झोप मोडत असेल, तर स्वप्नशास्त्राचं पुस्तक राहू द्या, समुपदेशकाकडे जा. हवं तर सोबत जा. मीही या आठवड्यात तिच्यासोबत जाणार आहे.