मिस्टेकला काय म्हणायचं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग पाहुणे, मग नेहमीचा आळस. असो.

माझ्या भाच्याची मुलगी मनिलाजवळ डॉक्टरकी शिकते, हे घरच्या वाचकांना ठाऊक आहेच. (नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे.) गेल्या महिन्यात रात्री तिचा फोन. "आत्याआजी, मिस्टेकला मराठीत काय म्हणशील?"

"चूक. एवढ्यासाठी फोन केलास?"

"मलाही ते तेवढंच सोपं वाटलं होतं," ती म्हणाली. आवाज जरा रडवेला.

झालं होतं असं. तिथल्या एका दवाखान्यात ती क्षयाच्या रुग्णांकडे जाते. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, मध्ये खंड पडू द्यायचा नाही, नाहीतर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. रुग्णांना विचारायच्या प्रश्नांचा एक इंग्रजी कागद होता. गोळ्या घेताना काही मिस्टेक्स झाल्या का, असा त्यात एक प्रश्न. हिने हौसेने त्याचं तगालोग केलं. शब्दकोशात पाहून 'कासालानान' हा शब्द घातला आणि एका सत्तरीच्या बाईंना वाचून दाखवला. बाई थोड्या ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "वला." म्हणजे नाही. हिने कागदावर 'नाही' लिहिलं. दोन आठवड्यांनी नर्सने पाकिटं मोजली तर ११ गोळ्या जास्त!

नर्सने मग हिला बाजूला घेऊन सांगितलं, अगं, तू त्यांना गोळ्यांबद्दल विचारलंच नाहीस. तू विचारलंस, तुमच्या हातून काही पाप घडलं आहे का.

आता हे तगालोग मी काही शिकलेली नाही. नातीने सांगितलं ते आणि नंतर मी स्वतः वाचलं ते, एवढीच माझी शिदोरी. उच्चार देवनागरीत जमतील तसे लिहिते आहे, चूभूद्याघ्या. 'साला' हा तिथला मूळ शब्द. (आपल्या कानाला शिवीच वाटते! शिवाय स्पॅनिशमधून आलेला दुसरा एक 'साला' आहे, त्याचा अर्थ दिवाणखाना.) मलायमध्ये याचाच भाऊ 'सालाह', म्हणजे चूक, चुकीचं. या सगळ्या भाषांच्या पूर्वज भाषेत त्या शब्दाचा अर्थ चुकणं, नेम हुकणं, असा होता म्हणे. म्हणजे मूळचा साधाच शब्द. 'कासालानान' त्यावरूनच तयार झाला. पण १५९३ साली मनिलात स्पॅनिश पाद्र्यांनी 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' हे पुस्तक स्पॅनिश आणि तगालोगमध्ये छापलं, आणि त्यात प्रार्थनेतल्या पापाला हाच शब्द योजला. आज तिथे शंभरातले जवळपास ऐंशी लोक कॅथलिक आहेत. चारशे वर्षं जो शब्द गुडघे टेकून उच्चारला गेला, तो दवाखान्यात ऐकल्यावर म्हातारीला काय वाटलं असेल?

आपल्याकडे गोव्यात फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. त्यांच्या हाताशी 'पाप' हा शब्द तयार होता, 'चूक' बिचारी आपल्या जागी राहिली. हे आपलं नशीब म्हणायचं.

तगालोगमध्ये चुकीला दुसरा, हलका शब्द आहे: 'मली'. गणिताचं उत्तर चुकलं की ते 'मली'. 'नग्कामली आको', म्हणजे माझी चूक झाली. आजारी पडलो याला 'नग्कासाकीत' म्हणतात, तोच 'नग्का'. मला हे फार आवडलं, चूक आजारासारखी येते, आपण काही ती बोलावत नाही. नातीला मोठ्या उत्साहाने हे सांगितलं, तर ती म्हणाली, आत्याआजी, पाप केलं यालाही 'नग्कासाला'च म्हणतात! झालं, माझा सिद्धांत कोसळला. पण आपणही 'पाप घडलं' म्हणतोच की. तेव्हा सुटका व्याकरणात नाही.

भाचा म्हणतो, "आत्या, शब्दाने काय होतं? ज्याला लपवायचं तो लपवणारच." मला हे मुळीच पटत नाही. त्या बाईंनी काही लपवलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी खरं उत्तर दिलं. इंग्रजी 'मिस्टेक' हा शब्द सोयीचा आहे, त्यात दोष किती आणि निसटणं किती हे सांगावं लागत नाही. भाषांतर करताना मात्र ते ठरवावंच लागतं, आणि ते शब्दकोश ठरवत नाही. समोर कोण बसलं आहे आणि 'हो' म्हणायला त्याला काय मोजावं लागणार आहे, ते आधी पाहावं आणि मग शब्द निवडावा, असं माझं मत.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते, तेही लिहिते. सहावीला मराठी शिकवताना मी प्रत्येक शुद्धलेखनाखाली लाल शाईने आकडा लिहीत असे. चुका १४. चुका २१. एक मुलगा वही सारखी घरी विसरायचा. विसरल्याबद्दल मी त्याला उभं करत असे. पुढे त्याच्या आईने सगळ्या वह्या आणून दाखवल्या. मुलाने लिहिलेलं होतं सगळं, फक्त माझ्यापुढे ठेवलं नव्हतं. मी तेव्हा आईलाच म्हटलं, "मुलाला सांगा, चूक कबूल करायला शिक." आज ते वाक्य आठवलं की कसंसंच होतं.

नर्सच्या मदतीने नातीने प्रश्न बदलला. आता त्यात चूक हा शब्दच नाही, 'नाकालिग्ताआन' आहे, म्हणजे नजरेतून सुटणं, विसरून राहणं. आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना लावतात तो 'पो'. पुढच्या खेपेला त्याच बाईंनी आपणहून सांगितलं की दोन दिवसांच्या राहिल्या, नातवाला ताप होता.

नात म्हणाली, याचं मराठी करून दे, सुट्टीत आले की इकडच्या दवाखान्यात उपयोगी पडेल. दोन दिवस खाडाखोड करत होते. 'पो' काही केल्या बसेना. शेवटी असं लिहून पाठवलं: "आजी, एखाद्या दिवशी गोळी राहून गेली का हो?"